ऋतिकाची एकटीची बस

नलिनी घाडीला मुलुंडच्या त्या केंद्रात सगळे नलूताई म्हणतात. केंद्र म्हणजे एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावरचे दोन गाळे, मधली भिंत पाडून एक केलेले. रोज सकाळी तिथे पंचवीस-तीस जण येतात. कुणी विशीतलं, कुणी पन्नाशीला टेकलेलं. ज्यांची समज सावकाश चालते, वाचणं, वेळ सांगणं, रस्ता ओलांडणं ज्यांना आपल्यापेक्षा जड जातं, अशी ही माणसं. केंद्र चालवणाऱ्या गंधाली मॅडमनी बजावून ठेवलंय, त्यांना मुलं म्हणायचं नाही, मोठी माणसं आहेत ती. तरी सकाळी दार उघडताना नलिनीच्या तोंडून "मुलं आली का गं?" असंच जातं. मॅडमच्याही जातं कधीकधी.

नलिनी भांडुपच्या टेकडीवर वाढली. वडील परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि घर चालवायला आई चार घरची पोळी-भाजी करू लागली. नलिनी आधी बालवाडीत, मग मतिमंद मुलांच्या शाळेत आया म्हणून लागली. तिथल्या बाईंनी तिला सहा महिन्यांचा कोर्स करायला लावला आणि ती या कामात शिरली ती शिरलीच. कुणाची बटणं लाव, कुणाला फिट आली तर कुशीवर वळव, कुणी चिडून भिंतीवर डोकं आपटायला लागला तर मध्ये आपला तळहात धर. कुणाचं काही अडलं की हिचे हात पुढे. नवरा गुणाजी म्हणायचा, "तुझो हात तुझ्या आधी पोचता गो!"

गंधाली मॅडमची तक्रारही नेमकी तीच होती. "नलूताई, सर्वेश स्वतः डबा उघडू शकतो. तुम्ही उघडून देता म्हणून तो उघडत नाही." नलिनीला ते पटायचं. पण सर्वेश झाकणाशी झटापट करत असला की तिला बघवायचं नाही.

तशात ऋतिकाला नोकरी लागली.

ऋतिका सव्वीस वर्षांची. बुटकी, गोल चेहऱ्याची, केस नेहमी घट्ट वेणीत. डाउन सिंड्रोम, त्यामुळे जीभ जड. ओळखीच्या माणसाला तिचं बोलणं कळतं, अनोळख्याला फारसं कळत नाही. पण हात असे नीटस की तिने लावलेलं पाकीट बघत राहावं. भांडुपला सोनापूरच्या पुढे चेतनाबेनचा खाखऱ्याचा छोटा कारखाना आहे. चेतनाबेन एकदा केंद्रात आली आणि ऋतिकाचं काम बघून म्हणाली, "ही मुलगी मला द्या. पण तिने वेळेवर आलं पाहिजे, रोज सोडायला-न्यायला माणूस मी कुठून आणू?"

म्हणजे ऋतिकाने बसने एकटीने जायला शिकायचं. शिकवणार नलिनी.

ऋतिकाचे वडील नाहीत. आई अनुपमाबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी मुलीला कोपऱ्यावरच्या दूध केंद्रापर्यंतही एकटं सोडलं नव्हतं. त्यांनी नलिनीला तोंडावर सांगितलं, "तुमच्या भरवशावर हो म्हणतेय. मनातून मला हे मान्य नाही."

शिकवणं दोन-अडीच महिने चाललं. आधी दोघी शेजारी बसून. मग नलिनी मागच्या सीटवर. बसच्या पाट्या ऋतिकाला वाचता येत नव्हत्या, पण नंबर ओळखायला ती शिकली. रस्त्यावरच्या खुणा तर तिने स्वतःच शोधल्या. पेट्रोल पंप, मग हनुमानाचं देऊळ, मग साडीच्या दुकानाचा मोठा पिवळा बोर्ड. पिवळा बोर्ड दिसला की उठायचं. रस्ता ओलांडताना एखाद्या बाईच्या बाजूने ओलांडायचा. अनोळखी माणसाबरोबर कधी उतरायचं नाही. कुणी विचारलं तर मोठ्याने सांगायचं, "माझं नाव ऋतिका. मी कामाला चाललेय. मदत नको." हे वाक्य तिने इतक्या वेळा घोकलं की केंद्रातले बाकीचेही येता-जाता म्हणायला लागले.

शेवटची पायरी अवघड होती. ऋतिकाला सांगायचं की आज तू एकटी, आणि तिच्या नकळत त्याच बसमध्ये मागे बसायचं. मॅडम म्हणाल्या, "तिला सांगितलं तर ती सारखी तुम्हालाच शोधेल. आणि नलूताई, खरंच धोका असल्याशिवाय उठायचं नाही. गोंधळली तरी नाही. तिचं तिला निस्तरू द्या."

आदल्या दिवशी ऋतिकाने सरळ विचारलं, "उद्या तू कुठे?"

"केंद्रात," नलिनी म्हणाली. म्हणताना तिने नजर दुसरीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी नलिनीने स्कूटीवाल्या मुलींसारखी ओढणी तोंडाभोवती गुंडाळली, आपल्या मुलीचा जुना गॉगल लावला आणि मागल्या बाजूला जाऊन बसली. ऋतिका पुढे, खिडकीपाशी, पर्स मांडीवर घट्ट धरून. तिकीट तिने नीट घेतलं. पेट्रोल पंप गेला. देऊळ गेलं. देवळाला तिने खिडकीतून हात जोडले. नलिनीला वाटलं, झकास चाललंय.

देवळापुढे मेट्रोचं काम चालू होतं. पत्रे लावून रस्ता अर्धा अडवलेला नेहमीच असायचा, त्या दिवशी पूर्णच बंद होता. पोलिसाने शिट्टी मारून बस डावीकडे आतल्या गल्लीत वळवली.

दोन-अडीच महिन्यांत बस कधी वळली नव्हती. वळली तर काय, हे तिने शिकवलंच नव्हतं.

ऋतिका खिडकीला नाक लावून बाहेर बघत होती. बाहेर गॅरेजं, टायरची दुकानं, एक शाळा. पिवळा बोर्ड काही येईना. ती उठून उभी राहिली. "पिवळा बोर्ड," ती म्हणाली. मग मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. बसमधली डोकी वळली.

शेजारच्या सीटवर चौकड्यांच्या बुशशर्टातले एक काका होते, साठी उलटलेले, कपाळाला गंध. चांगला माणूस वाटत होता. त्यांनी मायेने विचारलं, "कुठे जायचंय बेटा?"

ऋतिकाने शिकवल्याप्रमाणे मान वर केली आणि सांगितलं, "माझं नाव ऋतिका. मी कामाला चाललेय. मदत नको."

नलिनीला एकेक शब्द कळला. काकांना फक्त शेवटचं 'नको' कळलं. "काय म्हणतेय ही?" त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

"हरवलीय वाटतं," हिरव्या ड्रेसमधली एक बाई म्हणाली. "असल्या मुलीला एकटं सोडतात का कुणी?"

"छोड़ दिया होगा घरवालों ने," मागून कुणीतरी बोललं. "आजकल लोग छोड़ देते हैं."

नलिनी सीटच्या कडेवर आली होती. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले. हा धोका आहे का? नाही, ही माणसं आहेत, चांगली माणसं, नुसती विचारतायत. ऋतिका सांगेल. पुन्हा सांगेल.

ऋतिकाने पुन्हा सांगितलं. आवाज चढला तसे शब्द आणखी चिकटले. कानात इअरफोन घातलेल्या एकाने मोबाइल वर धरून शूटिंग सुरू केलं. हिरव्या ड्रेसवाल्या बाईने ऋतिकाची पर्स उघडली. "काही कार्डबिर्ड असेल बघा, नंबर असेल."

"माझी बॅग!" ऋतिका किंचाळली आणि तिने पर्स हिसकावून घेतली.

"अहो कंडक्टर, गाडी थांबवा," काका म्हणाले. "पुढे पोलीस चौकी आहे. तिला देऊन येतो मी. पुण्याचं काम आहे." आणि त्यांनी ऋतिकाचं मनगट धरलं. "चल बाळ. चल, घाबरू नको."

अनोळखी माणसाबरोबर उतरायचं नाही. ऋतिकाने दुसऱ्या हाताने खांब पकडला आणि जिवाच्या आकांताने ओरडायला लागली. नलिनीने जे जे शिकवलं होतं ते ती जसंच्या तसं करत होती, आणि त्यामुळेच बसमधल्या सगळ्यांची खात्री पटत चालली होती की पोरगी वेडी आहे. कंडक्टर गर्दीतून वाट काढत "अहो सोडा तिला, मी बघतो," म्हणत येत होता. तो पोचायच्या आत काकांनी हिसका दिला. ऋतिका वाकली आणि त्यांच्या हाताला कडकडून चावली.

काकांनी दुसरा हात उचलला. ठरवून नसेल उचलला. दुखलं म्हणून उचलला असेल. पण तो ऋतिकाच्या गालावर बसला आणि त्याचा आवाज मागपर्यंत आला.

नलिनी उठली कधी, मधली माणसं तिने ढकलली कशी, तिला आठवत नाही. ओढणी कुठेतरी अडकून मागेच राहिली. ती दोघांच्या मध्ये उभी होती आणि ओरडत होती, "हात लावायचो नाय! कामाक चाललीहा ती! सांगता हा ना तुमका, कामाक चाललीहा!" घरची भाषा तिच्या तोंडून बाहेर कधी निघत नसे, ती त्या दिवशी निघाली.

काका आपला हात चोळत पुटपुटले, "ओ बाई, मी तर मदत करत होतो."

"तुम्ही कोण हिच्या?" कंडक्टरने विचारलं.

उत्तर द्यायला नलिनीने तोंड उघडलं तेवढ्यात तिची नजर ऋतिकाकडे गेली. ऋतिका रडत नव्हती. गालावर बोटं उमटलेली, वेणी सुटलेली, आणि ती नलिनीच्या नाकावरून घसरलेल्या गॉगलकडे बघत होती.

"तू होतीस," ती म्हणाली. "तू बघत होतीस."

बस थांबली होती. दार उघडलं होतं. ऋतिका उतरली.

नलिनी मागे धावली. "ऋतिका! अगं थांब, ऐक माझं." तिने खांद्यावर हात ठेवला तसा ऋतिकाने तो झटकला. "मागे येऊ नको!" हे शब्द इतके स्वच्छ आले की रस्त्यावरच्या भाजीवाल्यानेही वळून बघितलं.

गल्ली पुन्हा मोठ्या रस्त्याला मिळत होती. तिथे सिग्नल बंद. मेट्रोच्या कामाचे डंपर, सिमेंटच्या गाड्या, त्यांच्या मधून सापटीसापटीतून घुसणाऱ्या रिक्षा. ऋतिका कडेला जाऊन उभी राहिली. नलिनी चार पावलं मागे. पुढे झाली असती तर ऋतिका पळाली असती, आणि पळाली असती तर सरळ डंपरखाली. नलिनी जागच्या जागी थांबली. तिच्या आयुष्यात तिने इतकं अवघड काही केलं नव्हतं. कुणाला उचललं, धरलं, आवरलं असेल, पण नुसतं उभं राहणं हे तिच्या अंगातच नव्हतं.

हातात पिशवी घेतलेली एक बाई कडेला आली. ऋतिका सरकून तिच्या बाजूला गेली. बाई चालली तशी ती चालली. मध्ये एक रिक्षा अंगावर आली, दोघी थांबल्या, पुन्हा चालल्या. पोचल्या पलीकडे.

नलिनीने श्वास सोडला तोच मध्ये सिमेंटची गाडी आली आणि उभीच राहिली. ती हलली तेव्हा पलीकडे पिशवीवाली बाई दिसत होती. ऋतिका नव्हती.

नलिनी कशीबशी रस्ता ओलांडून गेली. पत्र्यांच्या मागे बघितलं, रिक्षा स्टँडवर विचारलं, मेडिकलवाल्याला विचारलं. बुटकी मुलगी, वेणी, निळा कुर्ता. कुणी पाहिली नव्हती. कारखाना उजवीकडे होता. ती उजवीकडे धावत गेली, अर्ध्या वाटेवरून परत आली. ऋतिकाला फोन केला. रिंग वाजली, कट झाली. पुन्हा केला, पुन्हा कट. तेवढाच काय तो दिलासा. निदान फोन तिच्या हातात होता.

मग अनुपमाबाईंचा फोन आला.

बसमधल्या त्या माणसाने व्हिडिओ भांडुप-मुलुंडच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला होता. 'ही मुलगी सापडली आहे, घरच्यांपर्यंत पोचवा.' तो फिरत फिरत त्यांच्याच सोसायटीत आला होता.

"कुठे आहे ती?" अनुपमाबाईंचा आवाज अगदी खाली होता. "तुम्ही आहात ना तिच्याजवळ?"

क्षणभर नलिनीला वाटलं, हो म्हणावं. दोन मिनिटांत सापडेलच. पण काल एकदा खोटं बोलून झालं होतं.

"मला दिसत नाहीये मॅडम," ती म्हणाली. "शोधतेय."

पलीकडून जो आवाज आला त्याला शब्द नव्हते.

नलिनी पुन्हा डावीकडे निघाली, मुलुंडच्या दिशेने, कशाला ते तिलाही कळत नव्हतं. पायातली एक चप्पल तुटली होती, ती हातात घेऊन. गंधाली मॅडमना कळवलं, बसमधले काका म्हणत होते त्या चौकीत गेली. हवालदाराने फोटो मागितला. मोबाइलमध्ये ऋतिकाचा फोटो शोधताना तिसऱ्याच कुणाचा फोटो उघडत होता.

तेवढ्यात चेतनाबेनचा फोन आला. "नलिनीबेन, अरे क्या हुआ है? ऋतिका आलीय. गाल लाल आहे. कुणाशी बोलत नाही. हात धुतले आणि पॅकिंगला बसली."

नलिनी चौकीतल्या बाकावर मटकन बसली.

झालं होतं ते असं. रस्ता ओलांडल्यावर ऋतिकाला ती जागा ओळखीची नव्हती. म्हणून ती उलटी चालत गेली होती, पिवळा बोर्ड दिसेपर्यंत. तिथून पुढचा रस्ता तिला पाठ होता. हे चेतनाबेनने तिला पाणी देऊन, हळूहळू विचारून काढलं.

संध्याकाळी अनुपमाबाईंच्या घरी गंधाली मॅडम आणि नलिनी बसल्या होत्या. पुढ्यातल्या चहाला कुणी हात लावला नव्हता. ऋतिका आतल्या खोलीत दार लावून.

"तुम्ही बसमध्ये होतात," अनुपमाबाई म्हणाल्या. "आणि माझ्या मुलीने मार खाल्ला."

मॅडम सांगायला लागल्या की पद्धत अशी असते, प्रशिक्षणाचा भाग असतो. अनुपमाबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "मी यांना विचारतेय."

"हो," नलिनी म्हणाली. "होते. मला आधी उठायला हवं होतं." खरं तर कधी उठायला हवं होतं हे तिला आजही ठरवता आलेलं नाही. काकांनी विचारलं तेव्हा? पर्स उघडली तेव्हा? मनगट धरलं तेव्हा तरी नक्कीच. रात्री पडल्या पडल्या ती त्या बसमध्ये वेगवेगळ्या क्षणी उठून बघते.

निघताना तिने आतल्या दाराशी जाऊन हाक मारली. "ऋतिका, मी खोटं बोलले तुझ्याशी. केंद्रात असेन म्हणाले आणि मागे आले. चुकलं माझं."

आतून आवाज आला, "जा."

त्यानंतर अनुपमाबाई रोज रिक्षाने तिला कारखान्यात सोडू लागल्या, दुपारी आणू लागल्या. केंद्राशी संबंध तोडला. नलिनीचं काम टिकलं, पण मॅडमनी बाहेर न्यायचं काम तिच्याकडून काढून घेतलं. ती आत असायची. भाजी निवडायला शिकवायची, कपड्यांच्या घड्या घालायला शिकवायची. रस्त्यावरून एखादी वेणीवाली मुलगी गेली की तिची घडी वाकडी व्हायची.

दिवाळी होऊन गेली आणि एका सकाळी तिचा फोन वाजला. ऋतिका.

"मी बसमध्ये आहे," ऋतिका म्हणाली. "आई आंघोळीला. सांगू नको. तू येऊ नको."

"ऋतिका, अगं आईला..."

फोन कट.

नलिनी तशीच उभी राहिली. समोर सर्वेश डब्याच्या झाकणाशी झगडत होता. रिक्षा पकडली तर सोनापूरच्या अलीकडे बस गाठता आली असती. लांबून बघता आलं असतं. ऋतिकाला कळलंही नसतं. आणि अनुपमाबाई? एवढ्यात बाथरूममधून बाहेर येतील, घर रिकामं दिसेल. त्यांना सांगितलं तर ऋतिकाचा विश्वासघात दुसऱ्यांदा. नाही सांगितलं तर त्या बाईचं काळीज थांबेल.

तिने अनुपमाबाईंना फोन लावला. "मॅडम, ऋतिका बसने कामाला निघालीय. एकटी. तिने मला सांगितलं, तुम्हाला सांगू नको म्हणाली, तरी सांगतेय. मी मागे जाणार नाहीये. तुम्हीही जाऊ नका."

"तुम्ही मला हे सांगणार?"

"हो मॅडम."

पलीकडे फक्त नळाचं पाणी पडल्याचा आवाज. मग फोन बंद झाला.

थोड्याच वेळात अनुपमाबाई केंद्राच्या दारात उभ्या होत्या, ओले केस तसेच, गाऊनवर शाल. नलिनीला वाटलं, आता हात उगारतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "रिक्षात बसले होते," त्या म्हणाल्या. "इथे का उतरले कळत नाही."

नलिनीने मोबाइल दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवला. सर्वेशचं झाकण उघडलं, पोह्यांचा वास आला. अनुपमाबाईंच्या केसांतून पाणी फरशीवर टपकत होतं. मध्येच त्यांनी विचारलं, "रस्ता अजून बंद असतो का तिकडे?" नलिनी म्हणाली, "माहीत नाही." यावर त्यांनी डोळे मिटले.

फोन वाजला तेव्हा दोघींनी एकदमच हात पुढे केला. चेतनाबेन होती. नलिनीने स्पीकर चालू केला.

"आली बरं का. आज दहा मिनिटं आधी. म्हणते, डब्यात काही आणलं नाही, आईला न सांगता आले."

अनुपमाबाई उठल्या, शाल सारखी केली, दारापर्यंत गेल्या. तिथे थांबल्या.

"दुपारी कशी येणार?"

"बसनेच येईल बहुतेक," नलिनी म्हणाली.

अनुपमाबाईंनी रस्त्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, आणि परत येऊन खुर्चीत बसल्या.